गणपती ते तुळशीचं लग्न : सणासुदीत वजन कसं सांभाळायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाद्रपद लागला की माझ्या फोनवर ठरावीक क्रमाने प्रश्न यायला लागतात. आधी मोदकांचे, मग साबुदाण्याचे, मग चकल्यांचे. तुळशीचं लग्न लागलं की एकच उरतो, ‘ताई, आता काय करू?’ मी आहारसल्ल्याचं काम करते, त्यामुळे हे ऐकून कान तयार झालेत. लोकांनी विचारले तसेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाई असेल त्यांनी प्रश्न ३ आधी वाचावा, बाकीची बरीच उत्तरं फिरून तिथेच येतात.

१. सणासुदीत वजन खरंच वाढतं की नुसतं वाटतं?

वाढतं, पण वाटतं तेवढं नाही. २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला होता. १९५ प्रौढांचं वजन त्यांच्याकडच्या सणांच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, तपासलं. सरासरी वाढ भरली ०.३७ किलो. बस. लोकांना स्वतःला मात्र याच्या कितीतरी पट वाढल्याची खात्री होती.

हे हसून सोडून देता येत नाही, कारण ते पावणेचारशे ग्रॅम पुढच्या महिन्यांत उतरलेच नाहीत. दरवर्षी एवढेच साचले तर दहा वर्षांत पावणेचार किलो होतात. ‘मी तर काही वेगळं खात नाही, मग हे पोट आलं कुठून’ असं चाळिशीत विचारणाऱ्यांचं उत्तर बहुतेकदा इथे असतं.

त्यातून त्यांचा मोसम सहा-सात आठवड्यांचा. आपला मोजा. भाद्रपद शुद्ध चतुर्थी ते कार्तिक शुद्ध द्वादशी, म्हणजे दोन चांद्रमास आणि वर आठ दिवस, एकूण साधारण सदुसष्ट दिवस. मध्ये अधिक महिना आला, जसा २०२० मध्ये अधिक आश्विन आला होता, तर आणखी एक महिना. आणि पितृपक्ष हा काही सण नाही म्हणून तो वगळू नका. वडे आणि खिरीतल्या कॅलरी सुतक पाळत नाहीत.

२. पाडव्याला सकाळी काट्यावर उभी राहिले, तर तीन दिवसांत दीड किलो जास्त! एवढी चरबी चढते?

नाही चढत. एक किलो चरबी अंगावर यायला गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. दीड किलोला साडेअकरा हजार. म्हणजे रोजचं जेवण जेवून वर छप्पन्न बेसनलाडू, तीन दिवसांत. कोणी खाल्ले असतील तर मला त्यांना भेटायचंय.

काट्यावर दिसतं ते मुख्यतः पाणी. गोड आणि पिठाळ पदार्थ जास्त झाले की शरीर त्यातला काही भाग ग्लायकोजेन म्हणून स्नायूंत आणि यकृतात साठवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. चिवडा-शेव-चकलीतलं मीठ आणखी पाणी धरतं. शिवाय पोटात अजून न पचलेलं जेवण असतंच. चार-पाच दिवस साधं जेवण झालं की यातलं बहुतेक आपसूक जातं.

म्हणून सणाच्या दिवसांत काट्यापासून लांब राहा. घटस्थापनेच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी एकदा वजन करा. त्याच काट्यावर, सकाळी, प्रातर्विधी उरकून.

३. दिवाळी चार दिवसांची. चार दिवसांत असं किती खाणार? तरी वजन वाढतं कसं?

चार दिवसांनी वाढत नाहीच. डब्यांनी वाढतं.

दिवाळी चार दिवसांची, पण डबे पंचवीस दिवसांचे. वसुबारसेच्या आधीच ‘चिवडा कसा झालाय बघू’ म्हणून मूठ भरली जाते, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत डब्याच्या तळाशी शेवेचा चुरा आणि दोन तुटक्या चकल्या असतात. मधल्या दिवसांत चहाचं आधण ठेवलं की हात आपोआप फळीकडे जातो. हे खाणं ओट्याशी उभ्यानेच होतं, झाकण एका हातात धरून. ताटात ते कधी येत नाही, म्हणून आठवतही नाही. माझ्याकडे येणारे लोक सणाचं जेवण अगदी वाटीनिशी सांगतात. ‘आणि मधल्या वेळेला?’ विचारलं की म्हणतात, ‘काही नाही, चहा.’

आता हिशेब. रोज दीड चकली जादा, म्हणजे दीडशे कॅलरी. सदुसष्ट दिवसांत दहा हजार. चरबीत मोजलं तर सव्वा किलोच्या वर. याउलट गौरीजेवण, दसरा, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज आणि एखादं केळवण अशा सहा जेवणांत तुम्ही हात आखडता घेतला नाहीत, प्रत्येकी सहाशे कॅलरी जास्त गेल्या, तरी सगळं मिळून अर्धा किलोही भरत नाही. म्हणजे लोक जिथे जीव मारतात तिथे फारसं काही वाचत नाही, आणि जिथून गळतं तिथे कोणाचं लक्ष नसतं.

गोव्यात नरकचतुर्दशीच्या सकाळी मान असतो तो पोह्यांना : दुधातले फोव, ताकातले फोव, नारळाच्या रसातले, बटाट्याचे. पाच प्रकार होतात, पण ते त्याच दिवशी होतात आणि त्याच दिवशी संपतात. डब्यात उरण्याचा प्रश्नच नाही. ही युक्ती चोरण्यासारखी आहे.

करायचं काय? पहिलं म्हणजे फराळ माणसं मोजून करा. घरात दोनच माणसं उरली तरी प्रमाण अजून आजीच्या आठ माणसांच्या वाड्यातलंच चालू असतं. दुसरं, पारदर्शक बरण्या नकोत आणि डबे डोळ्यांसमोर नकोत. वरच्या फळीवर, स्टूल लागेल असे ठेवा. तिसरं, फराळ बशीत घ्या, बसून खा, दिवसातून एकदाच. आणि तो कशाच्या तरी ऐवजी घ्या. उपम्यानंतर फराळ नको, उपम्याऐवजी फराळ.

४. कोणत्या फराळात किती कॅलरी असतात? एकदाचं सांगून टाका.

सांगते, पण आकडे घरागणिक बदलतात, म्हणून हिशेब कसा करायचा तेही दाखवते. बेसनलाडू घ्या. अर्धा किलो बेसन (सुमारे १,९००), पाव किलो तूप (२,२५०), चारशे ग्रॅम पिठीसाखर (१,६००). एकूण ५,७५०. यात अठ्ठावीस लाडू वळले तर एकाला दोनशे पाच. लाडू चाळीस ग्रॅमचा होतो, म्हणजे आपल्याकडे सर्रास वळतात तेवढा. हाच ऐवज लिंबाएवढा वळला तर सेहेचाळीस लाडू होतात आणि एकाला सव्वाशे. चवीत तसूभर फरक नाही. ‘एकच घेतला’ म्हणायचं समाधानही तेच. माझ्या मते सणासुदीतला सगळ्यात स्वस्त उपाय लाडू वळणाऱ्याच्या तळहातात आहे.

बाकी अंदाजे : मध्यम करंजी १७०, एक चकली १००, चिवड्याची लहान वाटी (तीस ग्रॅम) १४०, तेवढ्याच शंकरपाळ्या १५०. आता पाहुण्यांपुढे ठेवतो ती बशी जुळवा. एक लाडू, एक करंजी, दोन चकल्या, थोडा चिवडा, थोड्या शंकरपाळ्या. सुमारे ८६५. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीची दिवसाची गरज १,६६० धरली आहे. म्हणजे ‘थोडंसंच तोंडात टाका’ या बशीत तिचा अर्धा दिवस संपला.

५. साखरेऐवजी गूळ घातला, तूप घरचं कढवलेलं आहे. मग चालेल ना?

चवीला चालेल, वजनाला फरक पडणार नाही. साखरेच्या ग्रॅमला चार कॅलरी, गुळाच्या जवळपास तेवढ्याच. तूप गाईचं असो, म्हशीचं असो, घरचं असो की विकतचं, ग्रॅमला नऊ. गुळात थोडं लोह असतं हे खरं, पण लोहासाठी लाडू खाणं म्हणजे पाण्यासाठी बर्फाचा गोळा खाणं.

‘शुगर फ्री’ मिठाईचंही तेच. साखर गेली तरी खवा, तूप, काजू जागच्या जागी असतात. शिवाय वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडव्यांवर विसंबू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्येच सांगितलं आहे. (ती सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांना उद्देशून नव्हती. त्यांनी प्रश्न १४ पाहावा.)

६. चकल्या ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये केल्या तर?

तेल थोडं वाचतं, पण वाटतं तेवढं नाही. भाजलेली चकली खुसखुशीत व्हायला पिठात मोहन जास्त घालावं लागतं. एकीकडे वाचवलेलं दुसरीकडे जातं. वर ‘ही तर बेक्ड आहे’ म्हणून माणूस दोनच्या जागी पाच खातो, तो हिशेब वेगळाच.

त्यापेक्षा तळणीच नीट करा. तेल पुरेसं तापलेलं असलं की पिठाचा तुकडा टाकताच वर येतो. गार तेलात सोडलेली चकली तेल पिते आणि मऊ पडते. एका घाण्यात दाटी केली की तापमान उतरतं, पुन्हा तेच. मोहन जास्त झालं तर चकली तेलात फुटते आणि विरघळते, तेव्हा आईची शिवी खाण्यापेक्षा मोजून घाला. काढल्यावर चाळणीत उभ्या ठेवून निथळा.

खरी बचत करायची असेल तर ती चिवड्यात आहे. तळलेल्या पोह्यांऐवजी पातळ पोहे उन्हात वाळवून किंवा कोरडे परतून घ्या आणि मोजक्या तेलाची फोडणी द्या. पूर्वीच्या बायका हेच करत होत्या. त्यांच्याकडे तेल महाग होतं, आपल्याकडे कपडे.

७. उकडीचे मोदक किती खाल्ले तर चालतील? आमच्याकडे एकवीसचा नेम आहे.

एकवीस बाप्पाला, तुम्हाला नाही!

एका मध्यम उकडीच्या मोदकात पंधरा ग्रॅम तांदळाची पिठी, तेवढंच ओलं खोबरं आणि बारा-तेरा ग्रॅम गूळ धरला तर दीडशे कॅलरी होतात. फोडून वर चमचाभर तूप सोडलंत की पावणेदोनशे-दोनशे. तळणीचा मोदक आकाराने लहान दिसतो, पण तळणीचं तेल पिऊन तेवढ्याच्या घरात जातो आणि एका घासात संपतो. उकडीचा निदान चार घास पुरतो, गरम असतो, आणि तिसऱ्याला पोट स्वतःच सांगतं. दोन-तीन खा आणि त्या दिवशी भात वगळा. भाताचीच पिठी खाल्ली आहे. पेढ्याच्या मोदकांचे खोके मात्र प्रश्न ३ मधले डबेच समजा.

दुसऱ्या दिवशीच्या ऋषीच्या भाजीबद्दल मला कोणीच विचारत नाही, याचं वाईट वाटतं. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून परसातलं जे मिळेल ते त्यात पडतं : अळू, लाल भोपळा, सुरण, पडवळ, दोडका, भेंडी, मक्याच्या कणसाचे तुकडे. तेल जवळपास नाही, चोथा भरपूर. सदुसष्ट दिवसांतला हा सगळ्यात हलका सण आहे. ती भाजी दोन वाट्या खा, आणि जमलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा करा. ऋषी रागावणार नाहीत.

८. गौरीजेवणाला पुरणपोळी असते. त्या दिवशी डाएट कसं सांभाळू?

त्या दिवशी सांभाळू नका, जेवा. मध्यम पुरणपोळी वरच्या तुपासकट तीनशेच्या आसपास, दोन झाल्या तरी आभाळ कोसळत नाही. फक्त आपल्या पानाची रचना वापरून घ्या. डावीकडची कोशिंबीर आपण लोणच्याएवढी वाढतो. ती वाटीभर मागून घ्या आणि सोळा भाज्यांसोबत आधी खा. कटाची आमटी प्या. पोट पुरणपोळीपर्यंत पोहोचेतो थोडं शांत झालेलं असतं. ज्यांच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो त्यांनी मटणाचे तुकडे घ्यावेत, तर्री हात राखून घ्यावी. संध्याकाळी जेवायची सक्ती नाही, ताकावर भागतं.

९. नको म्हटलं तर काकू रागावतात. आग्रहाला काय उत्तर द्यायचं?

‘डाएटवर आहे’ हे कधीच सांगू नका. त्याने घरातले चार जण तुमच्या वजनावर बोलायला मोकळे होतात, आणि काकू ‘एका लाडवाने काय होतंय’ म्हणून दोन वाढतात.

कामाला येतात त्या गोष्टी अशा. पानात काहीतरी शेवटपर्यंत राहू द्या, कारण रिकामं पान दिसलं की वाढपी वाढायला थांबतोच. पहिला घास घेऊन मनापासून कौतुक करा. आग्रह करणाऱ्याला बहुतेकदा तेवढंच हवं असतं. ‘आता जागा नाही, बांधून द्या’ हे वाक्य चालतं, पण मग ते पुडकं घरी उघडून प्रश्न ३ चा खेळ सुरू करू नका. वॉचमनदादांना द्या, त्यांची मुलं वाट बघत असतात.

भाऊबीजेला पाच घरं करायची असतील तर प्रत्येक घरी एकच पदार्थ, त्या घराची जी खासियत असेल तो. मामीकडे अनारसा, आत्याकडे चकली. चिवडा सगळीकडे सारखाच लागतो.

१०. नवरात्रात नऊ दिवस उपास केले आणि वजन दीड किलो वाढलं! असं कसं?

हा प्रश्न दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी न चुकता येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात देवीबद्दल थोडी तक्रारही असते.

ताटलीभर साबुदाण्याची खिचडी बघा. साठ ग्रॅम कोरडा साबुदाणा २१०, पंचवीस ग्रॅम दाण्याचं कूट १४०, तूप एक मोठा चमचा १३५, बटाटा ४०. सव्वापाचशे झाल्या. दोन पोळ्या, भाजी आणि वरण यापेक्षा जास्त. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात प्रथिनं नावापुरती, म्हणून तीन तासांनी पुन्हा भूक लागते. मग वेफर्स, मग राजगिऱ्याची चिक्की, मग रात्री बटाट्याची भाजी. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

उपास करायचाच तर असा करा. वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी एकवेळ, राजगिऱ्याची भाकरी, लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत, काकडीची कोशिंबीर, उकडलेलं रताळं, भरपूर ताक. साबुदाणा नऊ दिवसांत दोनदा. तळलेलं एकदाच, ज्या दिवशी सगळे घरी असतील तेव्हा. दीड किलोतलं बरंचसं पाणी असेल, त्यासाठी प्रश्न २.

११. सणात व्यायाम बंद पडतो. घरची साफसफाई आणि गरबा धरला तर चालेल का?

चालेल, खुशाल धरा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते. माळ्यावरचे डबे उतरवणं, जाळ्या काढणं, फरशी घासणं हे मध्यम श्रमच. तासभर न थांबता केलेला गरबा तर त्याहून वरचा. रात्री बारा वाजता गरब्यानंतरची दाबेली मात्र मोजायची राहू देऊ नका. पुण्यात मानाचे पाच गणपती पायीच बघायचे असतात, गर्दी दुसरा पर्याय ठेवत नाही. गणपतीचा आठवडा म्हणूनच मला आवडतो.

पण ‘जास्त चालून लाडू उतरवीन’ हा व्यवहार तोट्याचा आहे. साठ किलोच्या माणसाने अर्धा तास झपझप चालून सुमारे १३० कॅलरी खर्च होतात. म्हणजे एका लाडवासाठी पाऊण तास. लाडू दीड मिनिटात संपतो. व्यायाम ठेवायचा तो साखर, झोप आणि सवय जागेवर राहावी म्हणून. दोन महिन्यांचा खंड पडला की माणूस डिसेंबरात बूट शोधतो आणि जानेवारीत संकल्प करतो.

माझा किमान नियम असा आहे : सणात वेळ अर्धा करा, दिवस सोडू नका. दहा मिनिटं चाललात तरी चालेल. त्यातली सगळ्यात कामाची दहा मिनिटं जेवल्यावरची. जेवणानंतर चाललं की रक्तातली साखर कमी उसळते. भाऊबीजेच्या दुपारी सगळे लवंडतात, तेव्हा एखाद्या चुलतभावाला घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन या. कुटुंबातल्या खऱ्या बातम्याही तेव्हाच कळतात.

१२. रात्री पार्टी असेल तर दिवसभर काही न खाता जावं का? आणि ड्रिंक्सचं काय?

उपाशी जाऊ नका. दिवसभर रिकामं ठेवलेलं पोट समोर येईल त्यावर तुटून पडतं. निघताना दही, उकडलेलं अंडं किंवा मूठभर भिजवलेले मूग खाऊन जा.

तीस मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे दहा ग्रॅम अल्कोहोल असतं, ग्रॅमला सात प्रमाणे सत्तर कॅलरी. म्हणजे दोन पेगांचं वजनाच्या दृष्टीने फार नाही. वाट लागते ती सोड्याऐवजी ओतलेल्या गोड कोल्ड्रिंकने आणि चखन्याच्या बशीने. दुसऱ्या पेगानंतर बशीतले शेंगदाणे कोणी मोजत नाही.

१३. दिवाळी झाल्यावर तीन दिवस फक्त ज्यूस पिऊन डिटॉक्स करू का?

नको. शरीरातला कचरा काढायला यकृत आणि मूत्रपिंडं पगाराशिवाय राबतायत. ज्यूसवर तीन दिवसांत दोन किलो उतरतात, ते प्रश्न २ मधलं पाणीच, आणि पोळी-भाजी सुरू झाली की परत येतं. त्याऐवजी तीन दिवस ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मुगाचं वरण, ताक असं रोजचंच जेवा. फराळाचा उरलेला ऐवज त्याआधी घराबाहेर काढा.

१४. मला मधुमेह आहे. दिवाळीत गोड खाऊ की नको? आणि उपास?

गोडाचा एक लहान तुकडा बहुतेकांना चालतो, पण जेवणाचा भाग म्हणून. मधल्या वेळी, रिकाम्या पोटी नको. त्या जेवणातला भात किंवा एक पोळी त्याबदल्यात काढा. प्रश्न ४ मधला लिंबाएवढा लाडू खरं तर तुमच्यासाठीच आहे. खाल्ल्यावर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघा. कोणता पदार्थ तुम्हाला सोसतो ते तुमचंच यंत्र सांगेल.

उपास हा जास्त काळजीचा विषय. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन न जेवता राहिलात तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. उपास धरण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि डोस स्वतःच्या मनाने बदलू नका. घाम सुटला, हात थरथरले, गरगरलं, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अशा वेळी लाडू किंवा पेढा देऊ नका. तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते, आणि तेव्हा उशीर परवडत नाही. उपास मोडल्याचं देवीला चालतं.

१५. मी बारीकच आहे. मला यातलं काही लागू आहे का?

आहे, आणि हा माझा आवडता प्रश्न आहे, कारण याचं उत्तर पुण्यात सापडलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण भारतीय दिसायला बारीक आणि आतून चरबीदार असतो, हे त्या एका फोटोने जगाला समजावलं.

म्हणून काट्यापेक्षा टेप जास्त खरं बोलते. कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० च्या आत असावा. मोजताना पोट आत ओढू नका, टेपला फसवून फायदा कोणाचाच नाही.

१६. गरोदर आहे, किंवा घरात लहान मुलं आहेत. त्यांच्यासाठी वेगळे नियम?

गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना वजन उतरवण्याचे प्रयोग नकोत, निर्जळ उपासही नको. मुलांना कॅलरी शिकवू नका आणि पाहुण्यांसमोर त्यांच्या वजनावर बोलू नका. त्यांना किल्ला करायला लावा. माती आणणं, दगड वाहणं, दिवसभर उठाबशा, मावळे मांडून पुन्हा मांडणं. चार दिवस त्यांना डब्याची आठवणही होत नाही.

१७. आम्ही परदेशात असतो. इथे दिवाळी संपत नाही तोवर नाताळ येतो.

तुमची दिवाळी पंचांगावर नसते, शनिवार-रविवारांवर असते. मंडळाचा कार्यक्रम एका शनिवारी, मित्रांचं पॉटलक दुसऱ्या, ऑफिसचं तिसऱ्या. त्यातून पुण्या-मुंबईहून फराळाचं पार्सल येतं, ते उघडल्यावर ‘मऊ पडेल’ या भीतीने आठवड्यात संपवलं जातं. अर्धं पार्सल लहान पिशव्यांत घट्ट बांधून ठेवा किंवा शेजाऱ्यांना चाखायला द्या. अंधार लवकर पडतो, म्हणून चालणं दुपारच्या सुट्टीत उरका. संध्याकाळवर ठेवलं की राहून जातं. बाकी प्रश्न ३ आणि ९ तिथेही जसेच्या तसे.

१८. ताई, तुम्ही स्वतः काय करता?

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. लक्ष्मीपूजनाला मी अगदी मोजून जेवले, सगळ्यांनी कौतुकही केलं. भाऊबीजेनंतर चौथ्या रात्री अकरा वाजता मांजराला दूध घालायला स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभ्या उभ्या तीन करंज्या खाल्ल्या. दिवासुद्धा लावला नव्हता. डबा स्टीलचा होता, वरच्या फळीवर होता, स्टूल ओढून काढला. आम्ही दोघी, मी आणि आई, आणि करंज्या केल्या होत्या शंभर.

या वर्षी चाळीसच करायच्या ठरवल्या आहेत. आईला अजून सांगितलेलं नाही.